मदत हवी आहे: बाबांची गाठ सुटते, गाठ बांधायचं हत्यार कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी. मी स्वतः गरवत (गळ टाकून मासे धरत) नाही, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

बाबा (वय ६९) रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर चाळीस वर्षं गरवायला जातायत. गेल्या वर्षी मी त्यांना नवा रॉड, रीळ आणि ३० पौंडी ब्रेड (बारीक धागे विणून केलेला) दोरा घेऊन दिला. तेव्हापासून दोन जिताडे गरीसकट गेले. दोन्ही वेळा दोरा तुटला नव्हता, गाठच सुटली. बाबा म्हणतात, "तंगुसावर माझी गाठ कधी सुटली नाही, तुझा दोराच खोटा." (तंगूस म्हणजे त्यांचा नेहमीचा नायलॉनचा दोरा.) मला संशय त्यांच्या हातांचा. बोटं आखडतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि नेमकी तिन्हीसांजेला गाठ मारायची वेळ येते. गरीच्या नेढ्यात दोरा ओवायलाच पाच मिनिटं जातात.

ऑनलाइन बरंच काही दिसलं: नेल नॉटची नळी, एफजी नॉटसाठी दोरा ताणून धरणारं, हाताने फिरवायचं चक्रीवालं. हजारापर्यंत कुठलं घ्यावं?

खाडीवरचा बगळा: थांबा, काही मागवू नका. बाबा गाठ कशी मारतात? टोक नेढ्यातून काढून मूळ दोऱ्याभोवती पाचेक वेढे, मग नेढ्याजवळच्या फटीतून परत?

धागाकर्ता: आत्ताच फोन केला. अगदी तश्शीच. "त्यात विचारायचं काय?" असंही ऐकून घेतलं.

खाडीवरचा बगळा: मग हात निर्दोष आहेत. ह्या गाठीला क्लिंच म्हणतात. तंगुसावर ती उत्तम बसते, पण ब्रेड गुळगुळीत, वेढे घसरतात. ब्रेडला पालोमार नावाची गाठ मारा. दोरा दुहेरी करून नेढ्यातून काढायचा, त्या दुहेरी दोऱ्याचीच एक साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खी गरी काढायची आणि ओढायचं. वेढे मोजायची भानगड नाही, अंधारातही जमते. ओढण्याआधी थुंकी लावायची, कोरडी गाठ घासून कमजोर होते. दोरा बोटाला गुंडाळून ओढू देऊ नका, ब्रेड सुरीसारखा कापतो. नेल नॉटची नळी फ्लाय फिशिंगवाल्यांची, ती विसरा. एफजी ब्रेडला पुढचा तंगूस जोडायला झकास, पण वीसेक वेढे आहेत. बाबांना आत्ता नको.

उधाण: मी तर म्हणेन, खाडीवर गाठ मारूच नये. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, ब्रेडपुढे हातभर जाड तंगूस हवाच. असे आठ-दहा तुकडे घरी दिवसाउजेडी तयार करायचे. एका टोकाला गरी, तीही बाबांच्याच गाठीने, दुसऱ्या टोकाला फास. ब्रेडच्या टोकाला स्नॅप स्विवेल (उघडमीट होणारी कडी असलेली फिरकी) पालोमारने घरूनच बांधून न्यायचा. तिथे फक्त तुकडा अडकवायचा. ओवायला शिवणाच्या दुकानात बारीक तारेचा फास मिळतो, सुईत दोरा ओवायचा. माझं एवढंच हत्यार.

गाठ मारली की गरी खिळ्याला अडकवून मासे तोलायच्या ताणकाट्याने ओढून बघा. सुटायची असेल तर घरीच सुटेल.

धागाकर्ता: दोघांचे आभार. सगळं वाचून दाखवलं. "म्हणजे दोराच खोटा," एवढंच त्यांनी घेतलं. तारेचा फास आईच्या शिवणाच्या डब्यात निघाला. आता स्विवेल किती पौंडी घेऊ, तेवढं सांगा.