एकच मोठ्या भोकाचा सप्रेसर सगळ्या रायफलींना: पुरतो की नाही?

रानवाट:
मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय तुटून पडायचं ते पडा. ज्याच्याकडे तीन-चार वेगवेगळ्या कॅलिबरच्या (गोळीच्या व्यासाच्या) रायफली आहेत त्याने एकच मोठ्या भोकाचा सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा आवाज कमी करणारा डबा, ज्याला आपण कॅन म्हणतो, तो घ्यावा आणि सगळीकडे तोच फिरवावा. मी .४५-७० काडतुसाच्या रायफलीसाठी .४५८ इंची गोळीचा कॅन घेतोय, आणि तोच .३०८ वर, ६.५ क्रीडमोरवर आणि ५.५६ च्या एआरवर (एआर-१५ जातीच्या सेमी-ऑटो रायफलीवर) पण लावणार. छोटी गोळी मोठ्या भोकातून आरामात जाते, उलटं कधीच चालत नाही, म्हणजे मोठा घेतला की विषयच मिटला. आवाज थोडा जास्त राहील, मान्य, पण गोळी सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, असली की तिचा हवेतला कडाका कुठलाच कॅन थांबवत नाही, मग तोंडाशी चार डेसिबल वाचवायला परत फॉर्म ४ (अमेरिकेत कॅन घ्यायचा सरकारी अर्ज), परत बोटांचे ठसे, परत वाट बघणं, कशासाठी? आणि एआरवर मोठ्या भोकाचा एक फायदा आहे ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, गॅस पुढच्या बाजूने पटकन निघून जातो, मागे बोल्टकडे, म्हणजे आपल्या तोंडाकडे, कमी परततो, चार्जिंग हँडलच्या मागून जो धूर थेट डोळ्यांत येतो तो बराच कमी होतो.

काटेकोर:
गॅसचं बरोबर आहे, बाकी अजिबात पटलं नाही. डेसिबल म्हणजे इंच-फूट नाही हो, मोजणीच लॉगरिदमची आहे, तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट. आता भोकाचाच हिशोब करा. ५.५६ ची गोळी .२२४ इंचाची, तुमचा कॅन .४५८ साठीचा, म्हणजे नुसते गोळ्यांचे व्यास धरले तरी क्षेत्रफळ चौपटीच्या वर. गोळीच्या भोवतीने गॅस सरळ पुढे पळतो, बॅफलला (कॅनच्या आतल्या भोकाच्या पडद्यांना) अडकून फिरायला, थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही. त्याऐवजी .३० चा कॅन ५.५६ वर लावला तर हेच प्रमाण दुपटीच्याही आत राहतं, म्हणून लोक .३० चा कॅन दोन्हीकडे वापरतात आणि खूश असतात. .४५ चा लावून तितके खूश झालेले मला तरी भेटले नाहीत.

आणि कडाक्याचा मुद्दा मांडलाय तो अर्धाच आहे. तो कडाका गोळीच्या वाटेवर होतो, तुमच्या कानाशी जो दणका बसतो तो नळीच्या तोंडाचा. उघडी रायफल १६० डेसिबलच्या वर जाते, आणि अशा क्षणिक धमाक्यासाठी धोक्याची रेघ १४० ची धरतात. नेमक्या मापाचा कॅन लावून ५.५६ कशीबशी त्या रेघेच्या आसपास येते. तिथे तुम्ही म्हणता ते चार डेसिबल म्हणजे रेघेच्या अलीकडे की पलीकडे, एवढा फरक आहे.

थंडझीरो:
काटेकोर, कानात प्लग तर कॅन असला तरी घालायचेच ना? मग त्या चार डेसिबलवर एवढं कशाला. मला दुसरंच खटकतंय, वजन. मोठ्या भोकाचे कॅन सहसा लांब आणि जाड असतात, हलक्या शिकारी रायफलच्या टोकाला अर्धा किलो टांगला की बॅरलची थरथर बदलते आणि मार सरकतो. कधी खाली, कधी तिरका, आणि प्रत्येक रायफलवर वेगळा. तो दर वेळी तेवढाच सरकत असेल तर चिंता नाही, वहीत लिहून ठेवायचं. पण एकच कॅन चार रायफलींवर काढ-घाल करणारा माणूस प्रत्येक वेळी झीरो (नेम आणि मार जुळतात का ते) तपासतो का हो? हरणावर गोळी झाडायच्या आधी तपासायलाच हवा, त्यात तडजोड नाही.

जुना_आरमोरर:
आवाजावर भांडताय पण जे खरंच महागात पडतं ते कोणी काढलंच नाही. मोठं भोक म्हणजे मजबूत कॅन असं समजू नका. सामी या अमेरिकन काडतूस-मानक संस्थेने ठरवलेला .४५-७० चा कमाल चेंबर प्रेशर (काडतूस फुटतं तिथला दाब) २८,००० पीएसआय, .३०८ चा ६२,०००, .३०० विन मॅगचा ६४,०००. त्यात परत कॅनला चेंबरचा नाही, नळीच्या तोंडाशी उरलेला दाब झेलावा लागतो, म्हणून साडेदहा इंची बॅरलची ५.५६ सुद्धा कॅनला जबर मारते, गोळी छोटी दिसते म्हणून फसू नका. काही मोठे कॅन .३३८ लापुआपर्यंत रेटेड असतात, काही फक्त पिस्तुलासाठी आणि सबसॉनिकसाठी (आवाजापेक्षा हळू गोळीसाठी). मॅन्युअलमध्ये कॅलिबरसमोर कमीत कमी बॅरल किती हवी ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय लावायचा नाही.

दुसरं, आटे. १/२×२८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे) हा आटा ५.५६ वरही असतो आणि ९ एमएमच्या बॅरलवरही. म्हणजे ५.५६ चा कॅन ९ एमएमवर मस्त बसतो, हाताला काहीच वेगळं लागत नाही, आणि पहिल्याच गोळीला बॅफल फाटतात. रानवाट म्हणतोय तसा सगळ्यात मोठा एकच कॅन असेल तर निदान ही चूक होत नाही, एवढं श्रेय त्याला देतो. पण एंड कॅप (कॅनच्या पुढच्या टोकाचं भोकाचं झाकण) बदलायची सोय असेल तर तोच धोका परत आला, .२२४ ची कॅप पुढे राहिली आणि मागे .३०८ लावली की संपलं. रिकाम्या नळीतून सरळ रॉड घालून बघायचा, रॉड भोकाच्या मधोमध दिसला तरच गोळी भरायची. आणि .२२ एलआर चा कचरा न उघडणाऱ्या कॅनमध्ये कधीच नको, आत शिसं साचत जातं आणि ते काढता येत नाही.

रानवाट:
आरमोररकाका, रेटिंगचं एकदम मान्य, मी बघतोय तो .३३८ लापुआपर्यंत रेटेड आहे, बॅरलची लांबी पण तपासली आहे. एंड कॅपवाला घेऊन .३० ची कॅप लावली तर काटेकोरचा अर्धा आक्षेप तिथेच गळून पडतो ना?

काटेकोर:
नाही गळत. कॅप फक्त शेवटचं भोक लहान करते, आतले बॅफल .४५८ चेच राहतात. थोडा फरक पडतो, पण .३० च्या कॅनची बरोबरी होत नाही.

आणि तुमच्या मूळ मुद्द्याचा पायाच आता सरकलाय. १९३४ पासून प्रत्येक कॅनवर २०० डॉलरचा टॅक्स होता, म्हणून एकातच सगळं भागवायची सवय लागली. १ जानेवारी २०२६ पासून तो टॅक्स शून्य झालाय. कागद आणि ठसे आहेतच, पण ती एकदाची कटकट, कान मात्र रोज वापरायचेत.

रानवाट:
टॅक्स गेला, कॅनची किंमत कुठे गेली? चांगल्याला आठशे-हजार मोजावेच लागतात, दोन घ्यायचे तर दुप्पट. ज्याची .४५-७० खरंच शिकारीला जाते त्याला मोठा कॅन लागणारच आहे, मग हातात असलेला तो एआरवर लावू नको म्हणणं मला अजूनही पटत नाही.

थंडझीरो:
एआरवर लाव की, कोण नको म्हणतंय. पण ६.५ क्रीडमोरने चारशे मीटरवर मारणार असशील तर तिला तिचा वेगळा कॅन दे आणि तो काढूच नकोस.

काटेकोर:
यावर मात्र माझी सही. आणि रानवाट, त्या एआरवर प्लगच्या वर मफ (कान झाकणारे कप) पण चढवा.