नळ गळत होता आणि आग लागली : आपापले अनुभव सांगा

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरातला कापूस पेटला, आणि कारण निघालं गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाचा एक गळका एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड. सांगितलं की लोक हसतात. "पाण्यानं कुठं आग लागते का बाप्पा!" म्हणून इथं विचारतो आहे, असं आणखी कुणाकडं झालंय का?

भाव वाढायची वाट पाहत पुढच्या खोलीत वीसेक क्विंटल कापूस भरला होता, पार आढ्यापर्यंत. टाकीतून न्हाणीकडं जाणारा पाइप त्याच खोलीच्या भिंतीवरून उतरतो आणि त्याच्या वीतभर खाली विजेचा बोर्ड. भिंतीवर पिवळट ओल, तिच्या कडेनं पांढरा खार फुललेला. तो डाग घरातले सगळे रोज पाहत होते. बाबांचं एकच, "कापूस जाऊ दे, मंग प्लंबरले बोलावू."

पूर्णेच्या खोऱ्यातलं आमचं बोअरचं पाणी खारट. त्यातून वीज सहज वाहते, आणि पाणी वाळलं तरी खार बोर्डात तसाच राहतो. त्या थरावरून बारीक ठिणग्या उडत राहतात, प्लास्टिक जळून कोळसा होतं आणि त्या कोळशातून विजेला आणखी सोपी वाट मिळते. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, पडत नाही, कारण तिच्या हिशेबी एवढा करंट म्हणजे काहीच नाही. हे सगळं नंतर वायरमननं जळका बोर्ड हातात धरून समजावलं.

रात्री एकच्या सुमारास आईला जळक्या रबराचा वास आला. मी आधी पाण्याची बादली उचलली. आईनं मनगट धरलं, "आंधी लाइन बंद कर." मेन स्विच पाडला, मग पाणी. वरचा जाळ दहा-पंधरा मिनिटांत विझला, पण कापूस आतून धुमसतो. अंगणात ओढून दोन दिवस फावड्यानं उलथत होतो. हात घातला की थंड, अन् दोन फुटांवरून पुन्हा धुराची बारीक रेघ.

कंपन्यांची, माणसांची नावं नकोत. काय झालं, कशानं कळलं, नंतर घरात काय बदललं, तेवढं लिहा.

*

वणीकडून :

आमच्याकडं कुलर. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की कुलर रात्रभर चालतो, त्यात नवल नाही. रोज बादल्या ओतायचा कंटाळा म्हणून भावानं टाकीवरून बारीक नळी आणून कुलरमध्ये बॉलकॉक (पाणी भरलं की आपोआप बंद होणारी तोटी) बसवला. दोन उन्हाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी क्षार बसून बॉलकॉक अडकला. पाणी येईना, आणि येत नाहीये हे कुणाला कळेना, कारण आता आत डोकावून पाहायची सवयच मोडली होती. एका रात्री कुलरची मोटर (पाणी वर फेकणारी, मुठीएवढी) कोरडी फिरून फिरून जाम झाली, तापली, वितळली. बाजूला लाकडाच्या बारीक सालपटांची गादी, खडखडीत वाळलेली. आणि मागून पंखा! जाळ सरळ खिडकीतून खाटेकडं आला. मामाजी बाजेवर झोपले होते, त्यांच्या पायाकडची चादर पेटली. नशीब, कुलरचं बटण आतल्या खोलीत होतं, ते लगेच बंद करता आलं.

आता बॉलकॉक काढून टाकला. बादल्याच ओततो. निदान ओतताना आत नजर जाते.

*

तेल्हाऱ्याकडून :

आमचा थोडक्यात. प्लास्टिकच्या पिंपाला खाली तोटी बसवलेली, वरून हिटरचा रॉड लटकवलेला. तोटीचं वॉशर गेलेलं, रात्रभर पाणी ठिबकलं. पहाटे पाचला अंधारात आत न पाहता बटण दाबलं. रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते, पण ती पाहायला उजेड लागतो! रॉड लालबुंद, पिंप मेणबत्तीसारखं वाकलं, वर वाळत घातलेला दुपट्टा पेटला. शिवाय १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो आणि आमचा सॉकेट सहाचा, तोही आधीच पिवळा पडलेला. आता जर्मनचं भगुनं आणि चूल.

*

आर्वीकडून :

माझा अनुभव जरा वेगळा, पण पाइपचाच. घरी गोबरगॅस आहे. शेणाच्या गॅसबरोबर वाफ येते, ती पाइपात गार होऊन पाणी साचतं. म्हणून सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी असते. आमचा पाइप अंगणातून जातो, आणि बैलगाडीच्या चाकाखाली दबून मध्येच खोलगट झाला होता. पाणी तिथं साचायला लागलं. चुलीची ज्योत उड्या मारायची. बायको म्हणाली, "गॅस गुदगुल्या करते आज." मी हसलो.

त्या दिवशी ज्योत विझली. पाण्याचा गोळा पुढं सरकला आणि गॅस पुन्हा सुरू झाला, पण आता न पेटता. ती बाहेर गहू निवडत होती. आत येऊन काडी ओढली आणि भप्प! भुवया गेल्या, हाताला फोड आले, वरच्या तुराट्यांच्या कुडाला धग लागली. गोठ्यातून पाणी आणून कुड विझवला.

ज्योत फडफडली की गॅसमध्ये पाणी आहे, असं मला बसवणाऱ्यानं सांगितलं होतं. विसरलो, एवढंच. आता दर सोमवारी तोटी उघडतो, कपभर तरी पाणी निघतंच.

*

उमरखेडकडून, वायरमन :

तीस वर्षं हेच काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. रागावू नका.

जुन्या घरांत अर्थिंगची तार सरळ लोखंडी नळाच्या पाइपाला गुंडाळलेली असते. २०१९ला जलजीवन मिशन आलं, गावोगाव नळाच्या नव्या लाइनी पडल्या, प्लास्टिकच्या. घरातलाही गंजका पाइप लोक उपटून फेकतात. पाइप गेला की अर्थिंग गेलं, आणि हे प्लंबर सांगत नाही, कारण ते त्याचं काम नाही. मलाही कुणी बोलावत नाही, कारण बल्ब तर लागतोय. मग फ्रिजचं अंग चावतं. काही घरांत तर न्यूट्रल (करंट परत जायची तार) गेला की अर्थिंगवरच लाइन चालवतात. बोअरच्या लोखंडी केसिंगला बांधलेली अर्थिंगच्या तारेची ती गंजकी गाठ मी कोळशासारखी लाल झालेली पाहिली आहे, आणि शेजारीच पऱ्हाट्यांचा ढीग.

दुसरं, पाइपाखाली बोर्ड नको. हलवता येत नसेल तर तारेला बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून आलेलं पाणी झोळावरून गळून जाईल. आणि आरसीसीबी बसवा. ३० मिलिअँपिअरची. करंटची गळती झाली की एमसीबी नाही, ही पडते. लोक म्हणतात, "पावसाळ्यात सारखी पडते, काढून टाका." अहो, पडते म्हणजे कुठंतरी गळतंय!

*

मूळ धागा लिहिणारा :

वायरमन काका, आमच्याकडं अगदी हेच. आरसीसीबी होती, सारखी पडायची म्हणून मीच काढायला लावली होती. वर हे लिहायला लाज वाटली.

*

काटोलकडून :

माह्याकडं पोरगं पीव्हीसीचा पाइप जोडून रायलं होतं. पाइप जोडायचा सॉकेट नव्हता, म्हनून तुराटीच्या जाळावर पाइपाचं तोंड गरम करून फुलवत होतं. इकडं सगळे असंच करतात. पण पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडाच, हातभर अंतरावर. त्याची वाफ पेटते हे कोनाले माहीत! जाळ डब्यावर उडाला, डबा लाथेनं उडवला तं कुटारात, गुरांच्या सुक्या चाऱ्यात, जाऊन पडला. अर्धं कुटार गेलं. पोराचा हात बरा आहे आता.

*

पवनीकडून :

रात्रीचे साडेअकरा. हे सगळं वाचून उठले आणि न्हाणीमागची भिंत पाहिली. मोटारच्या स्टार्टरवर टाकीच्या पाइपाचं पाणी येतं, महिनाभर येतंय, खाली वाटी लावून ठेवली होती मी. कान दिला तर डब्यातून चर्रचर्र आवाज. भिंतीपलीकडं तणशीचा ढीग आहे.

मेन स्विच पाडलाय. सगळे झोपेतून उठून शिव्या देत अंगणात आले आहेत. वायरमन सकाळी येतो म्हणाला. वाटी मात्र तिथंच आहे, अर्धी भरलेली, कुणी उचलायला जात नाहीये.