‘इन हाय डजन’ म्हणजे रुसून? मला नाही पटत

पाटीपेन्सिल: एका भाषांतरात ‘इन हाय डजन’ (in high dudgeon) या इंग्रजी वाक्प्रचारासाठी ‘तो बैठकीतून रुसून निघून गेला’ असं वाचलं. (डजन, बरं का. बारा नगांचं डझन नव्हे.) मला हे साफ चूक वाटतं. रुसलेला माणूस जातो कुठे? तो सगळ्यांना दिसेल असा गाल फुगवून तिथंच बसतो. कैकेयी कोपभवनात गेली ती दशरथ शोधत येणार या खात्रीनं. रुसायला समजूत काढणारं कुणीतरी लागतं. डजनवाल्याला मनधरणी नकोच असते. अपमान झाला, दार आपटलं, चालता झाला. ‘फणकाऱ्यानं’ म्हणा. शिवाय हा शब्द मुळात खंजिराच्या मुठीचा, म्हणजे रागाची धार बघा!

जुनाट: मुठीची गोष्ट झकास आहे, पण पुरावा शून्य. डजन नावाचं लाकूड मुठींना वापरत, हे खरं. शेक्सपिअरच्या नाटकात मॅकबेथला हवेत जो खंजीर दिसतो, त्याच्या पात्यावर आणि ‘डजन’वर रक्ताचे थेंब असतात. पण रागाचा डजन 16व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतो आणि तो आला कुठून, हे कोशकारांनाही सांगता येत नाही. गळ्यातली माळ आणि उजाड माळ यांची सोयरीक जुळवण्यातला प्रकार! फणकाराही नको. तो दोन मिनिटांत विरतो, आणि मराठीत आपण तो बहुधा बायकांच्याच माथी मारतो. ‘हाय डजन’मध्ये ताठा आहे. आता हा शब्द या एका वाक्प्रचारापुरताच उरलाय, तोही ‘हाय’शिवाय क्वचितच भेटतो.

आंबेहळद: रुसलेला माणूस जात नाही? आमचे एक काका लग्नात मानपानावरून रुसले आणि मांडवातून थेट एसटीत जाऊन बसले. दोघांनी मोटारसायकलवरून पुढच्या थांब्यावर बस गाठली, तेव्हा कुठे परतले. ‘रुसून निघून गेला’ अगदी बरोबर आहे.

पाटीपेन्सिल: मुठीचं मागे घेतो. काकांचं नाही घेणार. गाठता येईल अशाच गाडीत बसले ना? तिकीटही पुढच्या थांब्यापर्यंतचंच काढलं असणार.

जुनाट: हा मुद्दा मात्र बिनतोड.

आंबेहळद: थेट कोल्हापूरचं काढलं होतं! पैसे परत मिळाले नाहीत, त्यावरून संध्याकाळी पुन्हा रुसले.