मदत हवी आहे: गोवराचं पुरळ मावळताना पुन्हा ताप आणि कान फुटलाय

मुलगी सव्वा वर्षाची. एमआर (गोवर-रुबेला) लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यात झालाय, दुसऱ्याचं वय (१६ महिने) अजून व्हायचंय. तरी गोवर निघाला, रक्ततपासणीत पक्का झाला. व्हिटॅमिन एचे दोन डोस सलग दोन दिवस देऊन झालेत.

पुरळ मावळतंय, कपाळावर तपकिरी डाग उरलेत, त्यावर कोंड्यासारखी सालं. ताप पूर्ण उतरला होता, काल पुन्हा १०२ वर गेला. उजवा कान सारखा ओढत होती आणि आज सकाळी उशीवर पिवळट पू दिसला. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी कान तपासून अँटिबायोटिक सुरू केलंय, ‘दोन दिवस बघू’ म्हणाले. खोकलाही आहे. झोपेत श्वास पूर्ण मिनिटभर मोजला, ३६ ते ३८ भरतो. या वयात ४० किंवा त्याहून जास्त भरला की न्यूमोनियाची शंका, हे माहीत आहे. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात नाही. डोळे स्वच्छ आहेत, लघवी होते, पेज खाते.

सासूबाईंनी उशाशी ठेवलेला कडुनिंबाचा पाला राहू दिलाय. कानात तेल मात्र घालू देत नाही.

अडचण अशी की मुलांचा अतिदक्षता विभाग इथून दीड तासावर आणि रात्री गाडी मिळत नाही. त्यामुळे घरगुती उपाय नकोत. ज्यांच्या मुलांना गोवरानंतर न्यूमोनिया झाला किंवा जे बालरोगतज्ज्ञ आहेत त्यांनी सांगा: श्वास ४० च्या आत असूनही ताप उतरला नाही, तर दोन दिवस थांबायचं की उद्या उजेडीच एक्स-रेसाठी निघायचं?