नागपूरच्या उन्हाळ्यात मांजरीची वाटी दिवसभर भरलेली ठेवायची की खाण्याच्या वेळा बांधायच्या?

बुंदीची_माय (मनीषनगर)

आमची बुंदी आठ महिन्यांची. घरी आल्यापासून ड्राय फूडची (कोरड्या दाण्यांची) वाटी चोवीस तास भरलेली असायची. नसबंदी झाल्यावर मी ती वाटी उचलली. आता सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला वेट फूड, म्हणजे पाऊचातलं ओलं खाणं. घरात यावरून दोन तट पडलेत. सासूबाईंचं म्हणणं, मुक्या जिवाला असं ताटकळत कशाला ठेवायचं? माझं मत मात्र ठाम आहे: निदान आपल्या नागपुरात तरी लहान वयातच वेळा बांधून ओलं खाणं सुरू करावं.

पहिली गोष्ट पाण्याची. मांजरीचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. शिकारीच्या मांसातूनच बरंचसं पाणी मिळायचं, त्यामुळे तिला तहान मुळातच कमी लागते. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम १० टक्के, वेटमध्ये ७५ ते ८०. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, आपण माठ रिकामे करतो आणि मांजर मात्र कूलरसमोर पसरून पाण्याच्या भांड्याकडे बघतही नाही. मग नुसत्या ड्रायवर मूत्रखड्याची भीती.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. वाटी कायम भरलेली असली की मांजर जेवली की नाही हे कळतच नाही. मांजर दुखणं लपवते. खाणं सुटणं ही बहुतेक वेळा पहिली खूण असते, आणि अर्धी भरलेली वाटी सकाळी-संध्याकाळी सारखीच दिसते. वेळ बांधली की एक जेवण चुकलं तरी त्याच तासाला लक्षात येतं. शिवाय नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. नेमक्या त्याच काळात वाटी उघडी ठेवणं म्हणजे लठ्ठपणाला घरात बोलावणं.

धरमपेठकर

ताई, पाण्याचं पटलं, वेळांचं नाही. मांजर म्हणजे कुत्रा नव्हे. एका उंदरातून तिला साधारण ३० कॅलरी मिळतात, म्हणजे पोट भरायला दिवसाला सात-आठ उंदीर लागतात, तेही वेगवेगळ्या वेळी. खाणं मोकळं ठेवलं तर बहुतेक मांजरी दिवसरात्र मिळून दहा-वीस वेळा थोडं थोडं खातात. तीन वेळचं जेवण ही माणसाची सोय आहे. लठ्ठपणाची भीती असेल तर दिवसभराचे दाणे सकाळीच वजनकाट्यावर मोजून वाटीत टाका. संपले की संपले.

दुसरं असं की आमच्याकडे दोन मांजरी आहेत, एक दांडगी आणि एक भित्री. वेळ बांधली तेव्हा दांडगी स्वतःचं संपवून दुसरीच्या वाटीवर जाऊन बसायची आणि भित्री पलंगाखालून बाहेरच येईना. वाटी मोकळी ठेवल्यापासून ती रात्री निवांत खाते. हा ताण तुमच्या हिशोबात कुठे बसतो?

कामठी_रोडचा_भाऊ

मी तर सरळ सांगतो बाप्पा, वेट फूड आपल्या इथं उन्हाळ्यात परवडत नाही, ना खिशाला ना नाकाला. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी निघतो ते संध्याकाळीच येतो. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या कडक नऊ दिवसांत, दुपारी वाटीत ओलं ठेवून गेलं तर काय होईल ते सांगा! मुंग्या, माश्या आणि वास. चार किलोच्या मांजरीला दिवसाला दोनशे-अडीचशे कॅलरी लागतात अन् एका पाऊचात ७०-८० भेटतात. म्हणजे रोजचे तीन पाऊच. काहून बा एवढा खर्च? आमचा बोका ड्रायवरच मस्त खेळून राहिला.

बुंदीची_माय

भाऊ, ओलं ठेवून जा असं मी म्हणतच नाही. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर वाटी उचलायची, पाऊचातलं उरलेलं झाकून फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवसाच्या आत संपवायचं. फ्रीजमधलं गार खाणं मांजर तोंडात धरत नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करून द्यावी लागते. तुम्ही दिवसभर बाहेर असता तर सकाळ-रात्र वेट द्या आणि दुपारचे मोजके दाणे टायमरच्या डब्यातून पडू द्या. एक पाऊच दोन वेळात वाटला तरी पोटात पाणी जातं.

धरमपेठकर, भित्रीचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे वेगळ्या खोलीत दार लावून खायला घालावं लागतं. पण मोकळ्या वाटीतून दोघींपैकी कोण किती खाते हे तुम्हाला कसं कळतं? भित्रीनं दोन दिवस तोंड लावलं नाही तर दांडगी ते गुपचूप संपवेल आणि वाटी रिकामीच दिसेल.

सदरवाला

एवढी डोकेफोड कशाला? ड्राय बंद करा, वेट समोर ठेवा. पोटात कावळे ओरडले की झक मारत खाईल. आमच्या गावाकडच्या मांजरींना कोण पाऊच देतं?

सेमिनरी_हिल्स (व्हेटर्नरीची विद्यार्थिनी)

सदरवाले दादा, कृपा करून हा सल्ला कुणालाही देऊ नका. कुत्र्याला एखादा दिवस उपास घडला तर निभतं. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृत ती पेलू शकत नाही, कावीळ होते आणि मांजर दगावू शकते. लठ्ठ मांजरीला हा धोका सगळ्यात जास्त. एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही.

बदल दोन टप्प्यांत करा. आधी तेच ड्राय ठरलेल्या वेळी द्या. त्यात ती रुळली की हळूहळू ओलं मिसळा, सात ते दहा दिवस लागतात, हट्टी मांजरीला कितीतरी जास्त. वरून ड्रायचा चुरा भुरभुरला की वास ओळखीचा वाटतो. वेट हुंगून वाटीच्या बाजूची फरशी पंज्यानं खरवडत असेल तर ती खाणं झाकून ठेवायला बघतेय, लगेच रागावू नका. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र दिवसातून चार वेळा हवं, तीनवर आणायची घाई नको.

आणि खर्च वाचवायला रोज नुसतं उकडलेलं चिकन घालणाऱ्यांसाठी: मांजरीला टॉरिन (एक अमिनो आम्ल) खाण्यातूनच लागतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यानंतर कॅट फूडमधलं प्रमाण वाढवलं गेलं. उकडलेल्या पाण्यात ते उतरतं आणि आपण ते पाणी फेकून देतो. कॅल्शियम तर नुसत्या मांसात नसल्यासारखंच. चिकन वरचा खाऊ म्हणून ठीक, कांदा-लसूण न घालता.

धरमपेठकर

डॉक्टरताईंचं उपाशी न ठेवण्याचं शंभर टक्के खरं. पण ड्राय खाणाऱ्या प्रत्येक मांजरीला मूत्रखडा होतो असं चित्र उभं करू नका. घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली, रोज घासली, खाण्यापासून लांब ठेवली तरी फरक पडतो. मी मोजूनच देणार, पण वाटी मोकळीच राहील.

सेमिनरी_हिल्स

प्रत्येकीला होत नाही, बरोबर. पण बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तो मातीच्या ट्रेमध्ये सारखा बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर तासांचा खेळ असतो. म्हणून बोका असेल तर ओल्या खाण्याकडे माझा कल जास्त आहे. कामठी रोडवाले भाऊ, तुमचा बोकाच आहे ना?

कामठी_रोडचा_भाऊ

हो ना, बोकाच आहे. बरं, रात्रीचा एक पाऊच सुरू करून पाहतो, त्यात दोन चमचे पाणी पण घालतो. फक्त ते टायमरचं सांगा, दुपारी लाईट गेली तर तो डबा उघडते का?

बुंदीची_माय

सेलवर चालणारा घ्या भाऊ. आमचा तसाच आहे. अन् पहिले काही दिवस सुट्टीत घरी असताना चालवून बघा, झाकण उघडताना जो आवाज होतो त्याला काही मांजरी घाबरतात.