मदत हवी आहे: गाडी वळवली की जोरात आवाज येतो, शनिवारी गडावर जायचंय

पाथर्डी_फाटेकर
गाडी वळवली की पुढून जोरात आवाज येतो. सरळ चालवताना काही नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर ‘आवाज येतच नाही साहेब’ म्हणाले आणि धुऊन परत दिली. शनिवारी आईला घेऊन सप्तशृंगी गडावर जायचंय. काय बदलायचं ते जाणकारांनी लगेच सांगा. नाशिकमध्ये अंबड-सातपूरकडे चांगला मेकॅनिक असेल तर तेही.

सातपूरचा_फिटर
गाडी कुठली? किती चालली? आवाज कटकट, घूंघूं की करकर? उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर येतो का? नुसतं ‘दुखतंय’ म्हटल्यावर डॉक्टरही गोळी देत नाही.

काका_नाशिकरोड
पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी झालंय. माझ्या जुन्या जीपला फुल कट मारला की घुंईऽऽ व्हायचं. ऑइल टाकलं, बंद. उगाच खर्चात पडू नकोस.

पाथर्डी_फाटेकर
छोटी पेट्रोल हॅचबॅक, २०१५ची, नव्वद हजाराच्या पुढे गेलीय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, निम्मे प्रतिसाद त्यावरच येतील. आवाज मोठाच आहे हो, शेजारचे रिक्षावाले वळून बघतात.

गंगापूररोडवाला
नाव न देताही येतीलच, बघ. असो. अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घे. सिंहस्थाच्या कामांनी रस्त्यांची जी काही वाट लागलीय, त्यात दुसरं काय होणार? २०२७ उजाडेपर्यंत आपल्या गाड्या टिकल्या तर शाहीस्नान त्यांनाच घालू.

सातपूरचा_फिटर
अलाइनमेंट गेली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात. कटकटत नाही. आणि काका, अशा छोट्या गाड्यांना बहुतेक इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, ऑइल टाकणार कुठे? फाटेकर, माझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं अजून बाकी आहेत.

काका_नाशिकरोड
मी माझ्या जीपचं सांगितलं.

पाथर्डी_फाटेकर
कट-कट-कट असा येतो. उभ्या गाडीत नाही येत. द्वारका चौकात यू-टर्न घेताना आणि बेसमेंटमधून वर चढत वळताना सगळ्यात जास्त. डावीकडे वळताना जरा जास्तच.

मृण्मयी_इंदिरानगर
सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा (दांड्याचा) सांधा. उभ्या गाडीत आवाज नाही म्हणजे शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर फारसा संशय नको. माझ्या गाडीत ते गेलं होतं तेव्हा जागेवर स्टिअरिंग फिरवलं तरी स्प्रिंग ‘टंग’ करून सुटायची.

देवळालीचा_ड्रायव्हर
ताईंना +१. पण डावीकडे वळताना आवाज म्हणजे जॉइंट उजवा. वळताना लोड बाहेरच्या चाकावर येतो, साधं गणित आहे.

मृण्मयी_इंदिरानगर
दरवेळी नाही दादा. आतलं चाक जास्त कोनात वळतं, तोही जॉइंट बोलतो. माझा तसाच निघाला होता.

देवळालीचा_ड्रायव्हर
ताई, आख्खं आयुष्य स्टिअरिंगवर गेलंय माझं.

सातपूरचा_फिटर
तुमचं गणित व्हील बेअरिंगला लागू आहे. पण बेअरिंग घुमतं, कटकटत नाही. वेग वाढला की घूंघूं वाढते, आणि डाव्या वळणावर आणखी वाढली तर बहुतेक उजवं गेलेलं असतं. जॉइंटच्या बाबतीत पैजा नकोत, बूट बघा. फाटेकर, चाकं पूर्ण वळवून गाडी बंद करा, हँडब्रेक लावा आणि मोबाइलच्या टॉर्चने चाकामागे बघा. शाफ्टवर घड्याघड्यांचं काळं रबर दिसेल, तोच बूट. तो फाटला की ग्रीस बाहेर उडतं, चिखल-पाणी आत जातं आणि सांध्यातल्या लोखंडी गोळ्या नि त्यांचा पिंजरा खाऊन टाकतं. दोन्ही बाजू बघा.

सीएनजीप्रेमी
नव्वद हजार झाले म्हणता, मग अजून पेट्रोलवरच का? किट बसवा, महिन्याला बराच फरक पडतो.

पाथर्डी_फाटेकर
सीएनजीचं कोणी विचारलं? असो. डावीकडचं रबर आडवं चिरलंय. रिमच्या आतून काळ्या ग्रीसचा पट्टा उडालाय, बोटाला लागलं ते साबणानेही निघत नाहीये. उजवीकडचं कोरडं आहे. मग नुसतं रबर बदललं तर भागेल ना?

मृण्मयी_इंदिरानगर
डावा! बघा दादा.

सातपूरचा_फिटर
आवाज सुरू व्हायच्या आधी सापडला असता तर बूट आणि नवं ग्रीस पुरलं असतं. आता आत झीज झालीय, ती रबराने भरून निघत नाही. बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट बदला, नाहीतर पूर्ण शाफ्ट.

देवळालीचा_ड्रायव्हर
पूर्ण शाफ्टच टाक. जुन्या बाजारातला मिळतो, मी टाकलाय, मस्त चाललाय.

मृण्मयी_इंदिरानगर
दुसऱ्याच्या गाडीतून निघालेला शाफ्ट? त्याचा बूट कधी चिरेल कोणी सांगावं? त्यापेक्षा नवा जॉइंट परवडला.

सातपूरचा_फिटर
जुना घ्यायचाच तर सांधा हातात धरून फिरवून बघा, खडखड लागली की ठेवून द्या. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की गिअर ऑइल सांडतं, लेव्हल बघून भरायला लावा आणि ऑइल सीलही नवं टाका. हबचा नट जुना पुन्हा ठोकू देऊ नका. गाडी लिफ्टवर असेल तेव्हाच लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा सांधा) हलवून बघायला सांगा. सीव्ही तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, बॉल जॉइंट सुटला तर चाकच आडवं होतं.

पाथर्डी_फाटेकर
म्हणजे शनिवारी जाऊ की नको, एवढंच सांगा.

सातपूरचा_फिटर
या जॉइंटवर गडाच्या वाटेवरचा नांदुरीचा घाट चढू नका. चढाला जोर लावून वळणं घ्यायची, नेमकं तेच त्याला झेपत नाहीये. पार्ट हातात असेल तर काम अर्ध्या दिवसाचं आहे. आधी पार्ट मागवा, मगच गाडी खोलायला द्या. मेकॅनिकचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

काका_नाशिकरोड
गडावर एसटी जाते. आईंना खिडकीची जागा द्या.

गंगापूररोडवाला
तो नंबर मलाही व्यनि करा. माझ्या गाडीत ब्रेक मारला की चीं आवाज येतो.

सातपूरचा_फिटर
वेगळा धागा काढा. आणि गाडी कुठली, किती चालली ते पहिल्याच ओळीत लिहा.