११४ राफेल घ्यायची की तेजसची वाट बघायची?

गिरणाकाठ
२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) २९ वर आल्या. मंजूर आहेत ४२. तेव्हापासून ११४ राफेलच्या प्रस्तावाची बातमी आली की आमच्या ग्रुपवर करार व्हायच्या आधीच पेढे वाटले जातात.

माझा या खरेदीला विरोध आहे, निदान ज्या स्वरूपात ती बोलली जातेय त्या स्वरूपात तरी. २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली, २०१२ मध्ये राफेल निवडलं गेलं आणि २०१६ मध्ये करार झाला तो फक्त ३६ विमानांचा, सुमारे ५९ हजार कोटींचा. पण पैसा हा माझा मुख्य मुद्दा नाही. विमान दुसऱ्याचं असलं की त्याच्या पंखाखाली कोणतं क्षेपणास्त्र लावायचं हेही दुसराच ठरवतो. आपलं हवेतून हवेत मारा करणारं 'अस्त्र' क्षेपणास्त्र राफेलवर बसवायचं तर ते विमान बनवणाऱ्या फ्रान्सच्या दासो कंपनीच्या दारात जा, ते सांगतील ती किंमत मोजा आणि ते सांगतील तोवर थांबा. विमानाच्या संगणकाच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ते देत नाहीत. आजची हवाई लढाई क्षेपणास्त्राच्या पल्ल्यावर ठरते. मग ज्या विमानावर आपलं क्षेपणास्त्र आपल्या मर्जीने चढत नाही, ते ११४ च्या संख्येने कशाला?

हिशेबी
आणि तेजसवर चढतं म्हणून तेजसची वाट बघायची? किती?

फेब्रुवारी २०२१ मध्ये तेजसच्या सुधारित आवृत्तीच्या, म्हणजे ८३ मार्क-१ए चा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. २०२४ च्या मार्चपर्यंत विमानं यायला सुरुवात होणार होती. ती तारीख कधीच उलटली, आणि त्यातलं एकही हाती नसताना सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची ६२,३७० कोटींची ऑर्डर दिली. पहिल्या पंगतीला भात आला नाही तोवर दुसरी पंगत बसवली. खुद्द हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग फेब्रुवारी २०२५ मध्ये एरो इंडिया प्रदर्शनात तेजस बनवणाऱ्या सरकारी एचएएलच्या लोकांसमोरच म्हणाले की मला भरवसा वाटत नाही. पुढे मे महिन्यात जाहीर व्यासपीठावर म्हणाले की वेळेत पूर्ण झालेला एक प्रकल्प आठवत नाही. हे बोलणारा फ्रान्सचा एजंट नव्हे.

ओझरकर
एचएएलला धोपटणं सोपं आहे. मार्क-१ए ला लागतं अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ-४०४ इंजिन. अशा ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ मध्येच दिली होती, पण पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. इंजिन नसताना हँगरमध्ये सांगाडे उभे करून ठेवण्यापलीकडे कारखाना काय करणार?

नाशिकजवळचा एचएएलचा ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ साठीच काढलेला. नंतर सुखोई-३० इथेच जोडली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये जोडलेलं पहिलं मार्क-१ए याच धावपट्टीवरून उडालं. जे मिग-२१ तेजसने बदलायचं, ते जिथे बनलं तिथेच तेजस बनतंय. ही क्षमता एकदा मोडली की पैसे देऊन परत मिळत नाही.

हिशेबी
इंजिनाचं कारण निम्मंच खरं. इंजिनं यायला लागली तरी रडार, इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली आणि क्षेपणास्त्रं यांच्या एकत्रित चाचण्या बाकीच होत्या. त्या काही जीईने अडवल्या नव्हत्या. शिवाय तुम्हीच सांगताय की अमेरिकन इंजिनावर सगळं अडलं. मग ते 'स्वदेशी' तेजस राफेलपेक्षा मोकळं कसं? तेजससाठीच्या देशी कावेरी इंजिनाचं काम १९८९ मध्ये सुरू झालं आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करावं लागलं, हेही लिहा की.

साधासरळ
मला तांत्रिक कळत नाही, भागाकार कळतो. ५९,००० भागिले ३६ म्हणजे एक राफेल साधारण १,६४० कोटींना. ६२,३७० भागिले ९७ म्हणजे एक तेजस ६४३ कोटींना. एका राफेलच्या पैशात अडीच तेजस. विषय संपला!

हिशेबी
संपला नाही. ३६ च्या करारात क्षेपणास्त्रं होती, भारतासाठी केलेले खास बदल होते, सुटे भाग आणि देखभाल होती. नुसत्या विमानाची किंमत त्यातून अशी निघत नाही. आणि अडीच तेजस म्हणजे एक राफेल होत नाही. राफेल साडेनऊ टन बाहेर टांगून नेऊ शकतं. रिकाम्या तेजसचं स्वतःचं वजनच साडेसहा टनांच्या आसपास आहे. लांबवर आत घुसून मारायचं काम आणि आपल्या हद्दीत गस्त घालायचं काम ही दोन वेगळी कामं आहेत.

चौकटराजा
दुबईच्या एअर शोमध्ये जगासमोर पडलं ते तेजस. त्यावर अजून चर्चा करताय?

ओझरकर
२१ नोव्हेंबर २०२५ ला त्या अपघातात विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्यावर टोमणा मारून मुद्दा जिंकायची ही जागा नाही. एफ-१६ किती पडली ते शोधा आणि मग या.

गिरणाकाठ
मूळ मुद्द्यावर येतो. २७ फेब्रुवारी २०१९ आठवा. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी एफ-१६ नी लांबूनच अमेरिकी अॅमराम क्षेपणास्त्रं सोडली, आणि आपल्या सुखोईंना ती चुकवण्यातच वेळ गेला. विमान म्हणून सुखोई कुठेही कमी नव्हतं, कमी होता तो हातातल्या क्षेपणास्त्राचा पल्ला. मे २०२५ मध्ये तर पंजाबात होशियारपूरजवळ चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेषच सापडले. म्हणजे समोरचा आता लांबच्या पल्ल्याचं क्षेपणास्त्र घेऊनच उतरतो. आपलं उत्तर 'अस्त्र' आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या. ऑगस्ट २०२३ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ तेजसवरून अस्त्र डागलं तेव्हा आपल्याला कोणत्याही परदेशी कंपनीला पत्र लिहावं लागलं नाही. मी म्हणतोय ते एवढंच.

हिशेबी
पल्ल्याचंच बोलायचं तर युरोपीय मीटिअर क्षेपणास्त्र राफेलवर आजच आहे, आणि रॅमजेट इंजिनामुळे ते लक्ष्याजवळ पोचेपर्यंत दम राखून असतं. तुमचं अस्त्र मार्क-२ ताफ्यात कधी येणार ते तुम्हीच सांगा. आणि सोर्स कोड कोण देतो? एफ-३५ घेणाऱ्या मित्रदेशांनासुद्धा अमेरिका तो देत नाही.

बाकी, पीएल-१५ चा एवढा बाऊ करण्यात अर्थ नाही. मे २०२५ च्या त्या लढाईत विमानं गमावल्याचं सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी सिंगापूरला मान्य केलं, आकडा दिला नाही, पण चूक कुठे झाली ते शोधून दोन दिवसांत पुन्हा उड्डाणं केल्याचंही सांगितलं. दुसरीकडे हवाई दल प्रमुखांनी ऑगस्टमध्ये सांगितलं की रशियन एस-४०० हवाई संरक्षण प्रणालीने सुमारे ३०० किलोमीटरवरून एक मोठं विमान टिपलं. पाकिस्तान ते मानत नाही, तो भाग वेगळा. पण एस-४०० आयातच आहे ना? २०१८ मध्ये पाचांचा करार केला आणि युक्रेन युद्धामुळे शेवटच्या दोन लांबल्या. तरी ज्या आल्या त्या कामाला आल्याच.

ओझरकर
आयात विमानावर आपलं क्षेपणास्त्र चढत नाही असं नाही, चढवायला आतून हात घालायची मुभा लागते. सुखोईवर ब्राह्मोस बसवलं ते आमच्याकडे ओझरला. जवळपास अडीच टनांचं क्षेपणास्त्र पोटाखाली टांगायचं, तर सांगाडा मजबूत करावा लागतो, ब्राह्मोससाठी वेगळा लाँचर लागतो, आतल्या विद्युत मंडलांना विद्युतचुंबकीय झटक्यापासून संरक्षण द्यावं लागतं. २५ जून २०१६ ला ते घेऊन सुखोई नाशिकहून उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर पहिल्यांदा सोडलं. क्षेपणास्त्र आधी विमानापासून सुटून खाली पडतं आणि मग त्याचा बूस्टर पेटतो. तो मधला क्षण बघताना कारखान्यातले लोक श्वास धरून बसले होते. पण सांगाड्यावर सुरी चालवायची परवानगी होती म्हणूनच हे जमलं. तीच परवानगी फ्रेंच देतील का, एवढंच विचारा.

हिशेबी
विचारा की, कोण नको म्हणतंय? पण उत्तर येईपर्यंत काय करायचं? जॅग्वार, मिराज, मिग-२९ सगळी येत्या काही वर्षांत जाणार. बंगळुरू आणि नाशिक मिळून वर्षाला २४ तेजस हा कागदावरचा वेग. तो आजपासून गाठला असं धरलं तरी १८० विमानांना साडेसात वर्षं. आजवरचा वेग धरला तर मी निवृत्त झालेलो असेन.

गिरणाकाठ
मग अट कराराच्या आधी घाला. अस्त्र आणि पुढची सगळी देशी क्षेपणास्त्रं भारतात, भारतीय हातांनी बसवायची मुभा लेखी मिळाली तर ११४ घ्या, मी पेढे पाठवीन. नाही मिळाली तर दोन स्क्वाड्रन पुरेल इतकीच घ्या आणि बाकी पैसा तेजसच्या चाचण्यांत आणि इंजिनात घाला.

हिशेबी
३६ घेतली तेव्हाही हेच म्हणत होतो, दोन स्क्वाड्रनपुरती घेऊ, बाकीची तेजस भरून काढेल. लेखी मुभेवर घासाघीस २००७ च्या निविदेसारखी चालली तर ना मुभा ना विमानं अशी अवस्था होईल. फ्रेंचांना आपली गरज माहीत आहे. २९ हा आकडा त्यांनीही वाचलाय.